मिठाचा बर्फ

सौसर तालुक्यातल्या ज्या आरोग्य केंद्रात हे घडलं त्याचं नाव मी सांगणार नाही, अन् गावाचंही नाही. लोधीखेड्याकडून आत, संत्र्याच्या बगीच्यांमधून एक रस्ता जातो, त्या अंगाचं गाव, एवढं पुरे. चूक माणसांनी केली, त्यापायी उभ्या केंद्राला बट्टा कशाला लावायचा? अन् चूक करणाऱ्यांत वाईट माणूस एकही नव्हता. तेच तर खरं दुखणं आहे.

मे महिन्यातला मंगळवार होता. साडेदहा वाजायचे होते, तरी अंगणवाडीचे पत्रे तापून वास मारायला लागले होते. आठ लेकरांना लसीचे टीके लावून झाले होते. नलिनी सिस्टरसमोर आता नववं लेकरू आलं होतं, सम्यक. पाच महिन्यांचा झाला होता अन् आजवर त्याला एकही सुई लागली नव्हती. त्याची माय करुणा त्याला मांडीवर घेऊन बसली होती, पण बसण्याची तऱ्हा अशी, की आत्ता उठेल अन् पळेल.

या करुणाच्या दारात नलिनी सात वेळा जाऊन आली होती. करुणाच्या थोरल्या मुलीला सुईनंतर तीन दिवस ताप चढला होता, तेव्हापासून तिनं कानाला खडा लावलेला. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं म्हणतात. हिनं तर ताकाचं नावच टाकलं होतं. अन् मागच्या पावसाळ्यात पलीकडच्या गल्लीतली सहा वर्षांची पोरगी घटसर्पानं गेली. घशात पांढरा पापुद्रा धरला, श्वास अडला, नागपूरला नेता नेता सावनेरच्या अलीकडंच खेळ खलास. त्या पोरीलाही सुई लागलेली नव्हती. म्हणून सम्यक जन्मल्यापासून तो नलिनीच्या जिवाला लागून राहिला होता. जेवताना आठवायचा, स्कूटी चालवताना आठवायचा.

"माह्या लेकराले काही झालं ना सिस्टर, तर तुमच्याच दारात आणून टाकीन. सांगून ठेवते," करुणा म्हणाली.

"काही होत नाई वं माय. मी आहो ना."

असं म्हणत नलिनीनं डब्याचं झाकण उघडलं. टीक्यांच्या शीशा नेण्याचा तो निळा डब्बा; आत चारी बाजूंनी चार आइसपॅक लावलेले असतात, म्हणजे पाण्यानं भरून गोठवलेल्या चपट्या प्लास्टिकच्या बाटल्या, अन् मधे शीशा. शीशी काढताना तिची बोटं आइसपॅकला लागली, अन् तिथंच थबकली.

आइसपॅकला घाम नव्हता. फ्रीजरमधून काढलेला पॅक थोडा वेळ बाहेर ठेवला की त्याला घाम सुटतो, आतला बर्फ खुळखुळतो, तेव्हाच तो डब्यात घालायचा असा नियम. सकाळी नलिनीनं प्रत्येक पॅक कानाशी धरून हलवला होता अन् खुळखुळ ऐकूनच डब्यात लावला होता. दोन तास झाले होते त्याला. या उन्हात एव्हाना पॅक निथळायला पाहिजे होता. पण तो कोरडा होता, अन् वरून पांढरं दंव धरलेलं होतं. बोटाला चिकटलं ते.

एवढं थंड कसं काय? पेंटाचं, म्हणजे घटसर्पासह पाच रोगांवरच्या टीक्याचं औषध थंडच ठेवायचं असतं, पण ते गोठलं की मेलं. विष होत नाही, निकामी होतं. मग सुई लावली काय अन् न लावली काय, लेकरू उघडंच राहतं.

तिनं शीशी उजेडात धरून हलवली. दुधाळ पाणी, नेहमीसारखंच. वर पाहिलं तर करुणा तिच्या तोंडाकडं बघत होती.

"काय झालं?" करुणानं विचारलं.

थांबायचं? थांबली तर ही उठणार. उठली की गेली, अन् गेली की जन्मात परत येणार नाही. शंका खोटीही असेल. दंवाचं काय, पंखा नाही, कोपऱ्यात सावली आहे... मनाला समजूत घालायला माणसाला कितीसा वेळ लागतो? दोन श्वास लागले. नलिनीनं डोस भरला अन् सम्यकच्या डाव्या मांडीत सुई लावली. सम्यकनं टाहो फोडला. आशाताई चंद्रकलानं टाळ्या वाजवून त्याला हसवायचा खटाटोप केला, करुणानं पोराला छातीशी धरलं अन् मागं न पाहता निघून गेली.

ती गेल्याबरोबर नलिनीनं पॅकचं बूच पिळून काढलं. आत अर्धवट गोठलेला गाळासारखा बर्फ. बोट बुडवलं, जिभेला लावलं.

खारट! मिठागरातल्यासारखं खारट.

"सिस्टर, तोंड काऊन असं झालं तुमचं?" चंद्रकला म्हणाली.

"बाकीच्यांना घरी पाठव," नलिनी म्हणाली. "सुया संपल्या म्हण."

आता हे मीठ कुठून आलं, ते सांगायला नत्थूजीला सांगावं लागतं. नत्थूजी केंद्रातला शिपाई. अठ्ठावन्न वर्षांचा, स्वभावानं गाय. झाडू मारणं, पाणी भरणं, आइसपॅक भरून फ्रीजरमध्ये ठेवणं ही सगळी कामं त्याची. पण पांढुर्ण्यापासून सौसरपर्यंत जुनी माणसं त्याला ओळखतात ती लग्नातल्या पॉटच्या आइसक्रीममुळं. लाकडी बादली, मधे दुधाचा पत्र्याचा डब्बा, भोवती फोडलेला बर्फ अन् त्यावर मुठीमुठीनं खडं मीठ; मग दांडा फिरवत बसायचं. मीठ नसलं तर दिवसभर फिरवा, हात तुटतील, पण दूध जमायचं नाही. मीठ पडलं की अर्ध्या तासात घट्ट. ही विद्या नत्थूजीच्या हाडात मुरलेली.

अन् मागच्याच आठवड्यात नलिनी त्याला सहज बोलून गेली होती, "नत्थूजी, शेवटल्या गावाला जाईस्तोर या बर्फाचं पाणी होऊन राहिलं बापा. करा ना काहीतरी."

त्या मंगळवारी दुपारी ती डब्बा घेऊन केंद्राच्या पायऱ्या चढली तर नत्थूजी दारातच उभा. तोंडभर हसून म्हणतो कसा, "पाह्यलं सिस्टर? टिकला ना बर्फ?"

रागानं लाल होऊन आली होती ती. दहा शिव्या तयार होत्या. ते हसू पाहिलं अन् त्या सगळ्या विरून गेल्या.

"मीठ टाकलं का तुम्ही?"

"हाव ना! एकेका बाटलीत एकेक मूठ. तुमीच तं म्हनल्या होत्या. लग्नात तं आमी..." तिच्या चेहऱ्याकडं पाहून तो थांबला. "काऊन? चुकलं का काही?"

चुकलं ते असं. साधं पाणी शून्याला गोठतं, अन् त्याचा बर्फ वितळायला लागला की पूर्ण वितळेपर्यंत शून्यावरच ठाण मांडून बसतो. तो खुळखुळला, म्हणजे शून्याला आला, आता शीशीला धोका नाही; सगळा नियम त्या एका गोष्टीवर उभा. पाण्यात मीठ विरघळलं की पाणी शून्याला जुमानत नाही. उणे पाच, उणे सात झालं तरी अर्धं पातळच राहतं, बर्फासारखं खुळखुळतं, अन् शेजारच्या शीशीचा जीव घेतं. दिसायला पाणी तेच, आवाज तोच. 'आइसपॅकमध्ये मीठ टाकू नये' हे नलिनी ट्रेनिंगमध्ये शिकली होती. नत्थूजीला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. तिनंसुद्धा नाही.

डॉक्टरसाहेब तरुण होते, दोन वर्षांपूर्वी आलेले. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "उद्या टेस्ट करू. तोवर कोणी तोंड उघडायचं नाही. कळलं?"

टेस्ट साधीच असते. फ्रिजमधली त्याच लॉटची एक चांगली शीशी रात्रभर फ्रीजरमध्ये मुद्दाम गोठवायची अन् सकाळी वितळू द्यायची. ती झाली आपल्या हातानं बिघडवलेली. दुसरी डब्यातली, न उघडलेली. दोन्ही एका मुठीत धरून हलवायच्या अन् टेबलावर शेजारी शेजारी ठेवायच्या. गोठलेल्या औषधाचे कण गुठळ्या धरतात, भराभर तळाशी बसतात अन् वर नितळ पाणी राहतं. चांगलं औषध बराच वेळ दुधाळ राहतं. डब्यातली शीशी बिघडवलेल्या शीशीसारखी वागली, तर तीही गेली.

बुधवारी सकाळी दहाला डॉक्टरसाहेबांनी शीशा हलवल्या अन् ठेवल्या. तिघंही वाकून बघत होते. नत्थूजीनं टोपी काढून हातात घेतली होती.

पाच मिनिटांत बिघडवलेल्या शीशीत वरच्या अंगाला पाणी नितळायला लागलं. डब्यातली अजून दुधाळ होती. नलिनीचा श्वास जरा मोकळा झाला. मनातल्या मनात ती बुद्धवंदना म्हणायला लागली अन् दोन ओळींनंतर पुढचं आठवेचना. आठ मिनिटं झाली. नत्थूजी शीशीकडं बघून पुटपुटत होता, "नको बसू. नको बसू माय."

दहाव्या मिनिटाला डब्यातल्या शीशीतही वर एक पातळ रेघ उमटली. आधी वाटलं, काचेची चमक असेल. मग रेघ जाड झाली. पंधराव्या मिनिटाला दोन्ही शीशा जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या. तळाशी पांढरा थर, वर विहिरीसारखं स्वच्छ पाणी.

नऊ लेकरं अन् नऊ रिकाम्या सुया. नत्थूजी भिंतीला टेकून खालीच बसला.

डॉक्टरसाहेबांनी वर फोन लावला. निरोप आला, हा डोस मोजायचा नाही, पुन्हा द्यायचा. फोन ठेवून ते म्हणाले, "सिस्टर, एक काम करा. शुक्रवारी सगळ्यांना बोलवा. सरकारकडून जादा डोस आलाय म्हणून सांगा. लेकरांचं भलं होईल अन् बोभाटाही होणार नाही. खरं सांगितलं तर दोन वर्षं एक माय दारात उभं करणार नाही तुम्हाला."

वाईट माणूस नव्हता हो तो. अन् बोलला तेही खोटं नव्हतं. नलिनीला तर आधी हायसंच वाटलं. कोणी हात धरून खड्ड्यातून वर ओढावं तसं. मग तिच्या डोळ्यांसमोर करुणा आली.

"साहेब, आठ जणी येतील. नववी नाही येणार. एका सुईसाठी मी तिच्या घरी सात खेपा घातल्या. जादा म्हटलं तर ती दार लावून घेईल."

"खरं सांगितलं तर लावून घेणार नाही?"

"लावेल. पण लेकरू उघडं आहे हे तिला कळेल तरी. आत्ता ती निवांत बसलीये साहेब. तिला वाटतं, झालं."

साहेब बराच वेळ पेन उघडझाक करत राहिले. मग म्हणाले, "जा. पण जे होईल ते तुम्हाला झेपलं पाहिजे."

सगळं सांगितलं होतं तिनं साहेबांना, एक गोष्ट सोडून. नवव्या सुईच्या आधीच बोटाला दंव लागलं होतं, ते नाही सांगितलं. चंद्रकलालाही नाही. रात्रभर ते तिला आतून टोचत राहिलं होतं.

त्याच दिवशी दुपारी चारला अंगणवाडीपुढच्या कडुनिंबाखाली आया जमल्या. नत्थूजीला 'तुम्ही येऊ नका' म्हटलं होतं, तरी तो तिच्या स्कूटीच्या मागच्या सीटवर येऊन बसलाच. नलिनीनं लपवाछपवी न करता सांगितलं. काल लावलेलं औषध गोठून निकामी झालं होतं. लेकरांना त्यानं धोका नाही, पण फायदाही नाही. शुक्रवारी पुन्हा लावावं लागेल.

मग जो गलका उठला, विचारूच नका.

"म्हंजे आमच्या पोट्ट्यायवर परयोग करून राहिले का तुमी?" करुणाचा सासरा मधुकर काठी आपटत पुढं आला. "गरिबाचं लेकरू हाय म्हून? एखाद्या साहेबाच्या पोराले अशी सुई लावली असती का?"

नलिनी काही बोलायच्या आत नत्थूजी पुढं झाला. हात जोडलेले. "मारा मले. सिस्टरले काही म्हनू नका. म्या टाकलं मीठ. आइसक्रीमवानी थंड राहीन म्हनलं. लय शानपना केला म्या."

"मीठ?" कोणीतरी म्हणालं.

"मीठच, बापा. पान्यात मीठ दिसत नाई. पानी तसंच दिसते. मले काय मालूम त्याच्यानं औषध मरते म्हून."

मधुकरनं काठी उगारली होती. समोर म्हातारा हात जोडून रडतोय म्हटल्यावर ती तशीच खाली आली. शिव्या मात्र थांबल्या नाहीत. एक बाप लेकराला उचलून तडक घरी गेला; म्हणाला, यापुढं माझ्या दारात पाय ठेवू नका. एक बाई तर आधीच माहेरी, काटोलला निघून गेली होती. राहिलेल्या सहा जणींनी कुरकुर केली, तोंडसुख घेतलं अन् शेवटी एकेक करत मान हलवली. घटसर्प कोणी विसरलं नव्हतं.

करुणा मागं उभी होती. गलका जरा बसल्यावर ती पुढं आली.

"मले एकच सांगा, सिस्टर. तुमाले हे कधी समजलं? माह्या पोराच्या सुईच्या आधी का नंतर?"

शेजारी चंद्रकलानं खाली बघूनच तिच्या पदराचं टोक ओढलं, म्हणजे ती काय ते समजली होती. अन् नत्थूजी, त्या भोळ्या सांबाला काय ठाऊक, तो मधेच बोलला, "नंतर, बाई! नंतरच समजलं. दुपारी येऊन मले इचारलं त्यायनं."

संपलं होतं. नलिनीनं नुसतं गप्प राहायचं होतं. गावाला पटलं होतं, करुणाच्या कपाळावरची आठीसुद्धा जराशी सैल झाली होती. तेवढ्यात करुणाच्या कडेवरचा सम्यक नलिनीकडं बघून हसला. त्याला काय, त्याला कोणीही चालायचं.

"आधी," नलिनी म्हणाली.

"काय?"

"पक्कं समजलं नव्हतं. पण शंका आली होती. बर्फाच्या बाटलीवर पांढरं धरलेलं बोटाले लागलं होतं. मी थांबली असती तर तू उठून गेली असती, अन् परत आली नसती. म्हणून लावली. चूक केली मी. नत्थूजीले माहीत नव्हतं. मले शंका होती, तरी लावली."

नत्थूजी तिच्याकडं बघतच राहिला.

करुणा अगदी जवळ आली. नलिनीला वाटलं, आता थोबाडात बसते. बसली असती तर बरं झालं असतं, मोकळी तरी झाली असती ती.

"सात डाव आल्या तुमी माह्या घरी," करुणा हळूच म्हणाली. "सातव्यांदा मी सासऱ्याले म्हनलं, बाई पैशासाठी नाई येऊन राहिली, जिवासाठी येऊन राहिली. तुमच्या तोंडाकडं पाहून मी पोराची मांडी धरली, सिस्टर. सुईकडं नाई पाह्यलं मी. तुमच्याकडं पाह्यलं."

नलिनीचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत.

"सुई लावीन मी लेकराले," करुणा म्हणाली. "त्या पोरीचा घसा म्याही पाह्यला आहे. पन तुमच्या हातानं नाई. दुसरी बाई पाठवा." अन् ती वळून चालायला लागली.

शुक्रवारी दुसऱ्या केंद्रातली प्रणाली सिस्टर आली. आइसपॅक सकाळी नत्थूजीनंच भरले, नळाच्या साध्या पाण्यानं, नलिनीच्या डोळ्यांदेखत. डब्बा गावापर्यंत नलिनीनं पोचवला अन् अंगणवाडीच्या आत पाऊल न टाकता ती रस्त्यापलीकडं, टपरीच्या सावलीत जाऊन उभी राहिली.

आतून एकेक लेकरू रडत होतं अन् ती मोजत होती. एक. दोन. साडेअकरापर्यंत सहा झाली. मग रडणं थांबलं. चंद्रकला दारात येऊन इकडं तिकडं पाहून पुन्हा आत गेली. बारा वाजले. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. प्रणालीला पुढच्या गावाला जायचं होतं. ती सामान आवरायला लागल्याचं नलिनीला दिसत होतं. नलिनीचे पाय जागचे हलू पाहत होते. आठवी खेप घालावी का? जाऊन पाय धरावे का? पण तिच्या जाण्यानंच करुणा दार लावेल, हेही तिला कळत होतं. तशीच उभी राहिली ती. जीव नुसता मुठीत.

साडेबाराला गल्लीच्या तोंडाशी मधुकरची काठी दिसली. त्याच्या मागं डोक्यावरून पदर घेतलेली करुणा, अन् पदराआड सम्यक. ती नलिनीच्या समोरून गेली, चार हातांवरून. तिनं पाहिलं नाही. नलिनीनंही हाक मारली नाही.

आत गेल्यावर बराच वेळ काही ऐकू येईना. करुणा परत फिरली की काय? प्रणालीशी वाद घालतेय की काय? टपरीवाल्यानं विचारलं, "सिस्टर, पानी पाह्यजे का?" तिला ऐकूही गेलं नाही.

मग सम्यक रडला. पत्र्याखालून थेट रस्त्यापर्यंत, चांगला खणखणीत रडला.

"सात," नलिनी म्हणाली, अन् तिथंच टपरीच्या बाकड्यावर बसून, तोंडात पदर कोंबून, तीही रडली.